नॅनोचं नाव पुढे करून छोट्या गाडीची वाट अडवू नका

प्रति,
‘सियाम’ या भारतीय मोटार उत्पादकांच्या संघटनेचे पदाधिकारी
आणि सर्व सदस्य कंपन्यांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीचा विषय निघाला, की तुमच्या क्षेत्रातून एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं. टाटांची एक लाखाची नॅनो काढून झाली, लोकांनी घेतली नाही. भारतीय माणसाला स्वस्त गाडी नकोच आहे. परिसंवादांत हे ऐकलं, शोरूममधल्या पोरांच्या तोंडून ऐकलं, आणि आता तर माझे विद्यार्थीही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तेच लिहू लागले आहेत. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शाखेला शिकवतो. हे उत्तर मला मान्य नाही. ते अपुरं आहे, आणि त्याच्या आडोशाने एका मोठ्या वर्गाला तुम्ही हिशेबातून वगळत चालला आहात. म्हणून हे पत्र.

आधी नॅनोला तिचं श्रेय देऊ. भर पावसात एका स्कूटरवर चौघांचं कुटुंब जाताना पाहिलं आणि तिथून हा विचार सुरू झाला, असं रतन टाटा शेवटपर्यंत सांगत राहिले. २००३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात त्यांच्या बोलण्यात एक लाखाचा आकडा आला आणि तो जगभर छापून आला. दुसऱ्या कोणी तो आकडा हळूच विसरून टाकला असता. पोलादाचे भाव त्यानंतर चढत गेले, तरी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी उभी राहिली तेव्हा त्यांनी दिलेला शब्द पाळत असल्याचं जाहीर केलं. एक लाख ही डीलरला पडणारी किंमत होती, कर आणि वाहतूक वेगळी. पण शब्द पाळला होता यात शंका नाही.

ही गाडी घडली आपल्या पुण्यात. पिंपरीच्या टाटा मोटर्सच्या संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पाचशे अभियंते तिच्यावर काम करत होते. आमच्या वर्कशॉपमध्ये नॅनोचं इंजिन स्टँडवर लावलेलं आहे. दोन सिलिंडर, ६२४ सीसी, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, ताकद जेमतेम ३५ अश्वशक्ती. मुलं ते उघडतात तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट शोधायला लावतो : यातलं काय काढून टाकलंय आणि का? इंजिन मागच्या सीटखाली गेल्यामुळे पुढून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा लागला नाही आणि माणसांना पाय पसरायला जागा मिळाली. बाहेरून मारुती ८०० पेक्षा सुमारे आठ टक्के लहान, आतून एकवीस टक्के प्रशस्त. चाकं बारा इंची, प्रत्येक चाकाला तीनच नट. वायपर एक. साध्या मॉडेलला आरसा एकाच बाजूला. स्टेपनी पुढे, पेट्रोल भरायचं तोंडही पुढच्या बोनेटखाली. मागची डिकी बाहेरून उघडतच नव्हती, कारण उघडणारं दार म्हणजे बिजागऱ्या, कुलूप, रबर आणि पत्र्याला जादा मजबुती, म्हणजेच वजन आणि पैसा. वजन सहाशे किलोच्या आसपास राखलं होतं. ग्रॅम आणि पैसा असा शेजारी ठेवून मोजलेला मी दुसऱ्या कुठल्याही भारतीय गाडीत पाहिलेला नाही. त्या माणसांनी जे केलं त्याबद्दल मला आजही अभिमान वाटतो, आणि ‘नॅनो फसली’ असं एका वाक्यात ऐकताना राग येतो तो म्हणूनच.

मग बिनसलं कुठे?

पहिला घाव सिंगूरचा. पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यातली ९९७ एकर जमीन २००६ मध्ये कारखान्यासाठी संपादित झाली. ज्यांची जमीन मर्जीविरुद्ध गेली ते शेतकरी उभे राहिले, तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या ममता बॅनर्जींचं उपोषण झालं, आंदोलन दोन वर्षं चाललं. ३ ऑक्टोबर २००८ रोजी टाटांनी जवळपास उभा झालेला कारखाना सोडत असल्याचं जाहीर केलं आणि चारच दिवसांत गुजरातमधल्या साणंदची घोषणा झाली. शेतकऱ्यांना यात दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादनच रद्द ठरवलं. पुढे २०२३ मध्ये लवादाने टाटा मोटर्सला ७६५ कोटी ७८ लाखांची भरपाई व्याजासह मंजूर केली. म्हणजे चूक सरकारची ठरली, आणि किंमत शेतकऱ्याने, कंपनीने व वाट पाहणाऱ्या ग्राहकाने मोजली. साणंदचा कारखाना जून २०१० मध्ये सुरू झाला. तोवर उत्तराखंडातल्या पंतनगरला जेवढ्या जमतील तेवढ्या गाड्या बनत होत्या.

आता एप्रिल २००९ मधल्या बुकिंगकडे वळतो. नॅनोवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते आकडे आधी वाचावेत. अवघ्या सतरा दिवसांत दोन लाख सहा हजारांवर लोकांनी, गाडी हातात येण्याआधी, पैसे भरून नाव नोंदवलं. सोडत काढून गाड्या वाटाव्या लागल्या. या लोकांनी मागितलं काय? निम्म्या जणांनी सर्वांत वरचं, एसी आणि पुढच्या काचांना बटण असलेलं एलएक्स मॉडेल मागितलं. तीस टक्क्यांनी मधलं. ज्या बिनएसीच्या साध्या गाडीमुळे जगभर गवगवा झाला होता, ती मागणारे वीस टक्केच होते. लोकांनी पहिल्या महिन्यातच स्वच्छ सांगितलं होतं, की आम्हाला परवडणारी गाडी हवी आहे, पण उघडीनागडी नको. हे पत्र पुढे वाचलं नाहीत तरी चालेल, एवढी एक नोंद लक्षात ठेवा अशी माझी विनंती आहे.

ऐकलं नाही कोणी. जाहिरातीतून, बातम्यांतून, बोलण्यातून ती ‘जगातली सर्वांत स्वस्त गाडी’ हीच ओळख ठसवली गेली. रतन टाटांनीच २०१३ मध्ये एका मुलाखतीत खंत व्यक्त केली, की लोकांनी आणि विक्री करताना खुद्द कंपनीनेही तिला सर्वांत स्वस्त म्हटलं, आणि ते दुर्दैवी होतं. आमच्या भागात मोटार घेणं हा नुसता प्रवासाचा प्रश्न नसतो. सोयरिक जमवायला जाताना, लग्नाच्या मांडवापुढे, बँकेच्या दारात ती गाडी माणसाच्या आधी दिसते. आयुष्यात पहिल्यांदा दोन पैसे बाजूला पडलेला माणूस ‘आपण सर्वांत स्वस्त ते घेतलं’ अशी पाटी स्वतःच्या दारात का लावेल? त्याने एक-दीड लाखात वापरलेली मारुती ८०० घेतली. पाच माणसं, डिकीत धान्याचं पोतं, आणि कुठल्याही गावात दुरुस्त करणारा मिस्त्री. एसीवाली नॅनो रस्त्यावर येईतो दोन लाखांच्या घरात जात होती, त्यामुळे तिचा खरा सामना या जुन्या गाडीशी होता. त्या सामन्याची तयारी कोणी केलीच नव्हती.

त्यातच गाड्या पेटल्या. संख्येने त्या थोड्या होत्या. पण मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेली नवीकोरी नॅनो जळाली आणि तिची दृश्यं घरोघरी पोचली. मूळ रचनेत दोष नाही अशी कंपनीची भूमिका राहिली. नोव्हेंबरमध्ये जादा सुरक्षा-भाग मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली गेली. आयुष्याची पुंजी घालणाऱ्या माणसाला एवढ्याने धीर येत नाही. त्याच नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात मिळून ५०९ नॅनो विकल्या गेल्या. दीड वर्षापूर्वी सोडत काढावी लागलेली हीच ती गाडी.

त्यानंतर कंपनीने वॉरंटी वाढवली, नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ केलं, लहान गावांत छोटी विक्री केंद्रं काढली. त्याचा उपयोगही झाला. २०११-१२ या वर्षात ७४ हजारांवर नॅनो विकल्या गेल्या. हा तिचा सर्वांत चांगला काळ. लोक हप्त्यावर घ्यायला तयार होते, कोणीतरी त्यांच्या गावापर्यंत जायला हवं होतं, इतकंच यातून सिद्ध होतं. पण साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची. तिच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी उत्पादनावर एवढा कारखाना पोसायचा म्हणजे तोटा अटळ. टाटा समूहाचे अध्यक्ष राहिलेले सायरस मिस्त्री यांनी २०१६ मध्ये त्या पदावरून दूर झाल्यावर लिहिलेल्या पत्रात नॅनोचा तोटा एका टप्प्यावर हजार कोटींपर्यंत गेल्याचं म्हटलं होतं. तो आकडा मी नाकारत नाही. भांडवल बुडालं हे खरंच आहे. मात्र एवढा तोटा गाडी स्वस्त असल्याने होतो की विकली न गेल्याने, हा प्रश्न तुमच्यापैकी कोणी उघडपणे मांडलेला मला दिसला नाही.

नॅनोला जिथे माफी नाही ती जागा वेगळी आहे, आणि तिथे तुम्ही सगळेच तिच्या शेजारी उभे आहात.

जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची धडक चाचणी घेतली. नॅनोला पाचपैकी शून्य तारे. मारुती अल्टो ८०० ला शून्य, ह्युंदाई आय-१० ला शून्य, फोर्ड फिगोला शून्य आणि एअरबॅग नसलेल्या फोक्सवॅगन पोलोलाही शून्य. नॅनो, अल्टो आणि आय-१० यांचा सांगाडाच पुरेसा मजबूत नसल्याचं निरीक्षण होतं. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला होता. पुढे दोन एअरबॅग बसवलेल्या पोलोची चाचणी झाली आणि तिला चार तारे मिळाले. तोच पत्रा, तोच कारखाना. ज्या गाडीचा जन्मच स्कूटरवरच्या कुटुंबाला सुरक्षित करायला झाला, तिने धडकेत शून्य मिळवावं याचं दुःख मला तिच्या बंद पडण्याहून जास्त आहे. त्याच वर्षी निस्सानने डॅटसन हे जुनं जपानी नाव भारतात पुन्हा आणलं. सव्वातीन लाखांच्या आत मिळणारी ‘गो’ आली, आणि नोव्हेंबरात तिलाही शून्य तारे. ग्लोबल एनकॅपच्या अध्यक्षांनी ती विक्रीतून काढून घ्यावी असं निस्सानच्या प्रमुखांना लिहिलं. २०२२ मध्ये डॅटसन भारतातून गेली. स्वस्त गाडीतून वाचवायचे पैसे माणसाच्या छातीसमोरून वाचवायचे, हा शिरस्ता त्या काळात सगळ्यांनी पाळला. नंतर सरकारला नियम करावे लागले : धडक चाचणीचे, चालकाच्या एअरबॅगचे, मग शेजारच्या सीटच्या एअरबॅगचे.

बाकी नॅनोचा शेवट थोडक्यात सांगण्यासारखा आहे. २०१४ मध्ये पॉवर स्टिअरिंग आलं. २०१५ मध्ये उघडणारी डिकी आणि क्लचविना चालणारा गिअरबॉक्स आला. आमच्या शाखेच्या दृष्टीने तीच सर्वांत शहाणी नॅनो होती, आणि ती सहा वर्षं उशिरा आली. जून २०१८ मध्ये साणंदला एक गाडी बनली, तीन विकल्या गेल्या. ऑक्टोबर २०१९ पासून धडक चाचणीचे नियम सगळ्याच गाड्यांना लागू होणार होते, एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम. त्यासाठी पैसे घालायला कोणी तयार नव्हतं. नॅनो थांबली.

आता तुमच्याच संघटनेची आकडेवारी घेतो. २०२४-२५ मध्ये देशात ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि त्यातल्या जवळपास ६५ टक्के युटिलिटी प्रकारातल्या, म्हणजे आपण सरसकट एसयूव्ही म्हणतो त्या. त्याच वर्षी दुचाकी विकल्या गेल्या १ कोटी ९६ लाख. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या शंभरातल्या जेमतेम आठ कुटुंबांकडे मोटार होती. दुचाकी मात्र निम्म्या कुटुंबांकडे. म्हणजे ते पावसातलं कुटुंब कुठेही गेलेलं नाही. पुढे टाकीवर लहानगा, मागे बाई आडवी बसलेली, तिच्या मांडीवर दुसरं मूल. कोणत्याही रविवारी पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला उभं राहा, मोजता येणार नाहीत इतकी दिसतील. आणि शेजारून दोन टनांच्या गाड्या जात असतात. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची. माझ्या वर्गातली कित्येक मुलं अशाच गाडीवर रोज कॉलेजला येतात. हे आकडे फळ्यावर लिहिताना माझा हात जड होतो.

एक नवी संधी आली आहे. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला आणि वरचा उपकरही गेला. एक-दोन मॉडेलं साडेतीन लाखांच्या आसपास उतरली. हलक्या गाड्यांना इंधनक्षमतेच्या नियमांत सूट द्यावी की नाही यावरून तुमच्यात दोन तट पडले, तेही वर्तमानपत्रांत वाचलं. त्या वादात मला पडायचं नाही. सूट मिळाली तर ती वजन घटवायला वापरताना सांगाड्याला हात लावू नका, एवढंच मागतो.

आणि मागायचंच आहे तर आणखी सांगतो. पहिल्यांदा मोटार घेणाऱ्या ग्राहकाची, मॉडेलनिहाय, दरवर्षीची संख्या प्रसिद्ध करा. किती कुटुंबं दुचाकीवरून चारचाकीवर आली हे तुमच्या डीलरांकडच्या अर्जांत लिहिलेलं असतं. ते बाहेर आलं तर ‘मागणीच नाही’ या विधानाची तपासणी होईल. छोट्या गाडीचं सर्वांत खालचं मॉडेल मुद्दाम केविलवाणं ठेवून ग्राहकाला वरच्या मॉडेलकडे ढकलण्याची पद्धत बंद करा. रेडिओ नसला तरी चालेल, उंची कमी-जास्त करता येणारी सीट नसली तरी चालेल, पण धडकेतली सुरक्षितता सगळ्या मॉडेलांना एकच असू द्या आणि छोट्यात छोटी गाडी भारत एनकॅप या आपल्याच देशातल्या धडक चाचणीला स्वतःहून पाठवा. कर्जाच्या बाबतीत पतसंस्था आणि जिल्हा बँकांशी बसा. ज्याचं उत्पन्न ऊस गेल्यावर किंवा दुधाच्या पगारावर येतं त्याला दरमहा पाच तारखेचा हप्ता जमत नाही; ट्रॅक्टरला सहामाही हप्ते चालतात, तर मोटारीला का नकोत? गावच्या गॅरेजवाल्याला परवाना द्या, सुटे भाग द्या, शिकवा. आमच्या तंत्रनिकेतनांत वर्कशॉप आहेत, शिक्षक आहेत, उन्हाळ्याच्या सुटीत ती रिकामी असतात. हे प्रशिक्षण आमच्या इथे चालवायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे शिक्षक प्रत्येक जिल्ह्यात सापडतील.

आमच्या वर्कशॉपमधल्या नॅनोच्या इंजिनावर शिकलेली मुलं आज चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत तुमच्याकडेच कामाला आहेत. छोटी गाडी पुन्हा घडवायची ठरवलीत तर हात कमी पडणार नाहीत. या पत्राला उत्तर आलं तर वर्गात वाचून दाखवीन.

कळावे,

आपला,
ऑटोमोबाइल शाखेचा एक अधिव्याख्याता,
सातारा जिल्हा